ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये नवीन आहेस, तर युनिफॉर्मची करसवलत आधी माग

युनिफॉर्म घरी स्वतःच्या खर्चाने धुतेस ना? मग हक्काने माग. नर्स आणि हेल्थकेअर असिस्टंटसाठी तिथल्या करखात्याने, एचएमआरसीने, या खर्चापोटी वर्षाला 125 पौंड ठरवून दिलेत, अँब्युलन्सवाल्यांना 185. पण एवढी रक्कम हातात येत नाही बरं का. त्यावरचा कर तेवढा वाचतो, म्हणजे 20 टक्क्यांनी 25 पौंड. मागच्या चार करवर्षांचेही मागता येतात. हॉस्पिटलच कपडे धुऊन देत असेल तर मात्र दावा करू नकोस.

कमिशन घेणाऱ्या एजंटांच्या जाहिरातींना अजिबात भुलू नकोस गं, सरकारी वेबसाइटवर हे फुकट होतं. आणि नर्सांची नोंदणी करणाऱ्या एनएमसीची वार्षिक फी स्वतः भरतेस, तीही त्याच दाव्यात दाखव.