मालकांनी परस्पर खेळाडू घेतला, आता काय करू?

‘ताई, मी एका फुटबॉल क्लबचा क्रीडा संचालक आहे. मालकांनी मला न विचारता एजंटशी बोलून ३१ वर्षांच्या स्ट्रायकरला चार वर्षांचा करार कबूल केला. मला ते प्रशिक्षकांकडून कळलं. राजीनामा देऊ, की ओळखीच्या पत्रकाराला सगळं सांगून टाकू? (नाव छापू नये)’

भाऊ, पत्रकाराला अजिबात फोन करू नका. आपल्याला अंधारात ठेवून जर्मन प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांच्याशी बोलणी चालली आहेत, म्हणून एसी मिलान या इटालियन क्लबचे फुटबॉल प्रमुख झ्वोनिमिर बोबान असेच संतापले होते. माझ्या मते तो राग रास्त होता. पण त्यांनी तो वर्तमानपत्राच्या मुलाखतीत काढला आणि काही दिवसांतच, मार्च २०२० मध्ये, क्लबने त्यांना काढून टाकलं.

तुमच्या पत्रात दोन दुःखं एकात एक गुंतली आहेत. खेळाडू चुकीचा आहे, हे एक. तुम्हाला विचारलं नाही, हे दुसरं. पैसा मालकांचा आहे, त्यामुळे चुकीचा खेळाडू घेण्याचा हक्कही त्यांचाच. तो खेळाडू आज ना उद्या जाईल. पण तुम्हाला वगळून काम होतं हे एजंटांना कळलं, याचा घाव खोल आहे. पुढच्या वेळी तुम्ही ‘नाही’ म्हणालात की ते सरळ मालकांना फोन लावतील. भांडायचं तर यासाठी भांडा.

आधी स्वतःचा करार काढून वाचा. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचे व्यवस्थापक केविन कीगन यांनी २००८ मध्ये क्लब सोडला, कारण इग्नासिओ गोन्झालेस हा खेळाडू त्यांच्या मनाविरुद्ध घेतला गेला. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीबाबत शेवटचा शब्द कीगन यांचा, हे लवादाने २००९ मध्ये मान्य केलं आणि २० लाख पौंडांची भरपाई दिली. तुमच्या करारात असं काही नसेल, तर तुमच्या हातात फक्त मालकांचा विश्वास आहे, हे ओळखून बोला.

भेट एकट्यात मागा. सामना हरल्याच्या रात्री नको, संचालक मंडळासमोर तर नकोच. चारचौघांत कोणताही मालक माघार घेत नाही. आधी विचारा, ‘हा खेळाडू तुम्हाला का हवासा वाटला?’ आणि खरंच ऐकून घ्या. मग एक कागद पुढे ठेवा: करार संपेल तेव्हा वय ३५, पुन्हा विकून येणारे पैसे जवळपास शून्य, शेवटच्या वर्षीही पगार पूर्ण, आणि त्याच जागेवर खेळणारा आपला तरुण मुलगा बाकावर. मागणी एकच करा. ‘एजंटचा फोन आला की तो माझ्याकडे वळवा. शेवटचा निर्णय तुमचाच, पण माझं लेखी मत वाचल्यानंतर.’ प्रशिक्षकांना मात्र मध्ये ओढू नका, त्यांना मालकांबरोबर आणि त्या खेळाडूबरोबरही काम करायचं आहे.

इतकं करूनही मालक ठाम राहिले, तर पहिल्या दिवशी त्या खेळाडूला घ्यायला स्वतः जा. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष?

राजीनाम्याचं म्हणाल, तर एजंटचं कमिशन लपवायला किंवा खोट्या कागदावर सही करायला सांगितलं, तर त्याच दिवशी द्या. मत डावललं गेलं म्हणून इतक्यात नको.

आणि सही झाली की नुसता तोंडी शब्द गेलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सही बाकी असेल, तर उद्याच भेटा आणि दोन वर्षांचा करार, ठरावीक सामने खेळला तरच तिसरं वर्ष, असा मसुदा घेऊनच जा.