झेल न जमणं म्हणजे लक्ष नसणं नव्हे

चेंडू अंगावर आला की तुमचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा डोळे मिटून तोंड फिरवतो आणि खेळाचे सर म्हणतात ‘लक्षच देत नाही’, असं तुम्ही लिहिलंय. हे वर्णन फार ओळखीचं आहे. लक्ष नसतं तर तोंड फिरवलंच नसतं. चेंडू दिसतो, पण तो कधी पोचेल याचा अंदाज आणि हात पुढे नेणं वेळेत जुळत नाही, म्हणून तो स्वतःला वाचवतो.

आधी फुगा, मग हवेचा मोठा हलका चेंडू, मग स्पंजचा. टेनिसचा सगळ्यात शेवटी. अंतर एक मीटर, फेक खालून, छातीकडे. कुठे उभं राहायचं ते कळायला जमिनीवर दोन रंगीत ठिपके. १० पैकी ८ झेल जमले की एकच गोष्ट बदला, अंतर किंवा चेंडू.

खरं नुकसान होतं ते हात धरून करवून घेत राहण्यात. हाताची मदत पायरीपायरीने कमी व्हायला हवी. मागे उभं राहून आधी मनगट धरायचं, मग कोपर, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. ही उतरण पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. बऱ्याच वर्गांत पहिली पायरीच महिनोन्महिने चालते, कारण पालक बघायला आले की झेल सुटत नाही, सगळे खूश! मूल मात्र चेंडूची नव्हे, मनगटावरच्या हाताची वाट बघायला शिकतं. ही सवय मोडणं नवीन शिकवण्यापेक्षा अवघड. त्यात ‘बघ, पुढे ये, पकड, अरे पकड’ असा तोंडाचा पट्टा. एकच शब्द ठेवा, ‘हात’, रोज तोच. मग पाच-दहा सेकंद गप्प. हात वर आले की मगच चेंडू सोडा.

घरी जमलेलं मैदानावर लगेच जमणार नाही. तिथे एक पायरी मागे या. शिट्टीचा त्रास होत असेल तर हात उंचावून खूण करा. शिट्टीशिवाय खेळ होत नाही, हा सरांचा हट्ट ऐकून घेऊ नका.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक मूल वेगळं. पण तो सतत चवड्यांवर चालत असेल, सांधे फार सैल वाटत असतील किंवा येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर सराव वाढवण्याआधी तपासून घ्या.

पोहणं अनेकांना मानवतं, पण पाण्याची ओढ असलेली मुलं नजर चुकवून पाण्याकडे जातात. हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.