मॅक घेण्याआधी जत्रेची ही फिल्म पुरी कर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा वाचला. विंडोजचा लॅपटॉप विकायचा, वर हप्ते काढून मॅकबुक घ्यायचं आणि ते या महिन्यातच ठरवायचं, असं लिहिलंस. माझं मत आधीच सांगतो: आत्ता घेऊ नकोस. का, ते नीट लिहितो, कारण तुझ्या हातून मामांच्या दशावताराच्या फिल्मचं चांगलं काम होतंय आणि ते मधेच अडकून पडू नये असं मला फार वाटतं.

तू तीन तक्रारी लिहिल्यास. व्हिडिओ टाइमलाइनवर अडखळतो. अर्ध्या तासानंतर पखवाजावरची थाप आणि तिचा आवाज जुळत नाही. आणि राजाच्या प्रवेशाला चित्रावर काळपट आडवे पट्टे सरकत राहतात. तिन्हीचं खापर तू लॅपटॉपवर फोडलंस. त्यातली पहिलीच काय ती त्याची.

पट्टे शूटिंगच्या वेळीच आलेत. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर लावून ठेव, बहुतेक दिव्यांखाली पट्टे जातील. जे आधीच चित्रात बसलेत ते मॅकवरही तसेच दिसतील.

आवाजाचं दुखणं फाइलचं. फोन फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला की तोही कमी करतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र एकच वेग धरून चालतं. पाच मिनिटांच्या रीलमध्ये हा फरक कळत नाही, रात्रभराच्या नाटकात ढळढळीत दिसतो. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फ्रेमरेटखाली ‘कॉन्स्टंट’ निवडून फाइल एकदा बदलून घे आणि मगच एडिटिंगला घे. मूळ फाइल मात्र पुसू नकोस.

आता अडखळणं. मी लग्नं शूट करायचो तेव्हा मिनी डीव्ही कॅसेट होत्या. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवली की सुमारे १३ जीबी जागा जायची, पण त्या काळच्या साध्या यंत्रावरही ती सरळ चालायची. कारण त्यात प्रत्येक फ्रेम पुरी आणि स्वतंत्र असे. आजचे फोन व्हिडिओ दाबून लहान करतात आणि एच.२६४ नाहीतर एच.२६५ या पद्धतीने साठवतात. त्यात पुरी फ्रेम अधूनमधून एखादीच. मधल्या फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढी नोंद. संकासुराच्या उडीवर तू कर्सर नेऊन ठेवलास, की संगणक मागे जाऊन आधीची पुरी फ्रेम शोधतो आणि तिथून एकेक बदल मांडत त्या उडीपर्यंत येतो. फाइल लहान असली तरी ही मेहनत मोठी आहे, आणि तू पुढे-मागे करशील तितक्या वेळा ती नव्याने करावी लागते.

यावर प्रॉक्सी, म्हणजे फाइलची हलकी प्रत, हा उपाय आहे, आणि तू तो अजून वापरलेलाच नाहीस. दाविंची रिझॉल्व या तुझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट-क्लिक करून ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ म्हण, आकार अर्धा किंवा पाव ठेव आणि प्रकार डीएनएक्सएचआर. त्या हलक्या प्रतीत पुन्हा प्रत्येक फ्रेम पुरी असते. कापाकापी तिच्यावर करायची, शेवटचा एक्सपोर्ट मूळ फाइलवरून होतो. रात्री लावून झोप, सकाळी तयार असेल. फक्त डिस्कवर जागा आहे ना ते आधी बघ.

प्रॉक्सीनंतरही अडलं तर व्हिडिओ चालू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर (संगणकाच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते तो दाखवतो) उघड आणि कोणता आकडा शंभरावर जाऊन बसतो ते पाहा. तुझ्याकडे ८ जीबी रॅम आहे आणि रिझॉल्वला विंडोजवर १६ लागते, म्हणून मला मेमरीवरच संशय आहे. लॅपटॉप उघडून दुसरा रॅमचा स्लॉट आहे का ते दुकानातून बघून घे. असेल तर मॅकच्या किमतीच्या मानाने अगदी थोडक्यात काम होईल. भाऊ विंडोज काढून लिनक्स टाक म्हणतोय, तर त्याला सांग की रिझॉल्वची मोफत आवृत्ती लिनक्सवर फोनच्या एच.२६४, एच.२६५ फाइली उघडत नाही. केडेनलाइव्ह हे दुसरं मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर उघडतं, पण मग सॉफ्टवेअरही नव्याने शिकायला हवं.

मॅकला मी नावं ठेवत नाही, माझं आजचं काम त्याच्यावरच चालतं. २०२० च्या शेवटी ॲपलची एम१ चिप आली, तेव्हापासून या प्रकारच्या फाइली उलगडायला चिपमध्येच वेगळा भाग असतो. चार्जर न लावताही वेग पडत नाही, पंख्याचा आवाजही फारसा नाही. जत्रेत कुणाच्या पडवीत बसून एडिट करायचं असेल तर हे मोठं सुख आहे. पण त्यात मागाहून रॅम वाढवता येत नाही. घेशील तेव्हा १६ जीबीच्या खाली घेऊ नकोस, जुना घेतलास तरीही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी फारशी कुणाला सांगत नाही. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी चार कॅसेटवर टिपल्या होत्या. एडिटिंग अर्धं झालं होतं. तेवढ्यात नवा संगणक आणि नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुना प्रोजेक्ट त्यात उघडेना. पुन्हा कॅसेटवरून घेऊ म्हटलं, तर लग्नसराईत कोरी कॅसेट कमी पडली म्हणून त्यातल्या तीन मीच पुन्हा वापरल्या होत्या. आज माझ्याकडे एक कॅसेट आणि दाखवायला म्हणून काढलेली एक धूसर डीव्हीडी आहे. तिच्यात आईचा हात जात्याच्या खुंट्यावर फिरताना दिसतो, चेहरा नीट दिसत नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

म्हणून म्हणतो, हाती घेतलेली फिल्म पुरी होईपर्यंत घोडा बदलू नकोस. रिझॉल्ववर राहिलीस तर प्रोजेक्ट मॅकवर नेता येतो, फाइलींची जागा मात्र नव्याने दाखवावी लागते. ॲपलच्या फायनल कटमध्ये गेलीस तर परत विंडोजवर यायची वाट नाही, कारण ते विंडोजवर चालतच नाही. तुझी बाहेरची डिस्कही बहुधा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल. तशी असेल तर मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. तेव्हा दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवल्याशिवाय पहिली फॉरमॅट करायची नाही, दुकानदार कितीही घाई करो.

आणखी एक, यंत्र बघायला जाशील तेव्हा यावर अडून बस. तुझ्या फिल्मला मराठी शीर्षकं आहेत. तुझं सॉफ्टवेअर त्यावर चालवून ‘गाऱ्हाणं’ आणि ‘ऋद्धी-सिद्धी’ हे दोन शब्द टाइप करून दाखव म्हणावं. ‘ऱ्हा’मधला र अर्ध्या चंद्रासारखा आडवा यायला हवा. तो डोक्यावर रफार होऊन चढला, किंवा ‘द्ध’ फुटून पाय मोडलेला द आणि ध वेगळे दिसले, तर आधी फॉन्ट बदलून बघ. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मोफत मिळतो, त्याने बघ. तरीही तसंच राहिलं तर त्या सॉफ्टवेअरच्या शीर्षकाच्या साधनावर तुझं काम व्हायचं नाही. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळी सेटिंग निवडावी लागते, ती न निवडता लोक फॉन्टला दोष देतात.

रविवारी प्रॉक्सी लावून बघ आणि टास्क मॅनेजरचा फोटो पाठव. सुरुवातीच्या गाऱ्हाण्याचा दोन मिनिटांचा तुकडाही पाठव, मला तो ऐकायचाच आहे. मामांना नमस्कार सांग.

तुझा,
काका