पंचवीस बायकांच्या मुलाखती म्हणजे संशोधन का?

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची आहे. बीई, मग एचआरमध्ये एमबीए, पुण्यात तीन वर्षं चांगल्या पगाराची नोकरी. आता म्हणते, नोकरी सोडून पीएचडी करणार. विषय : कंपन्यांत वरच्या पदांवर पोचलेल्या स्त्रिया आणि त्यांचे मेंटॉर, म्हणजे त्यांना घडवणारे वरिष्ठ. पद्धत काय, तर पंचवीसेक बायकांच्या मुलाखती. याला संशोधन म्हणतात का? हे खूळ तिच्या वरिष्ठ मॅडमनी तिच्या डोक्यात भरवलं आहे. 'तिला समजवा' असं मी त्यांना फोन करून सांगितलं. मुलीला हे ठाऊक नाही. आमच्या सांगलीच्या वालचंदमध्ये शिकलेल्या लीना नायर पीएचडी न करता शनेल या फॅशन कंपनीच्या सीईओ झाल्या. मुलीला यातून कसं बाहेर काढू?
– पाटबंधारे खात्यातील निवृत्त अभियंता, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो फोन. पीएचडीचं नंतर बोलू. स्वतः कमावणाऱ्या मुलीच्या वरिष्ठांना घरून परस्पर फोन जातो, तेव्हा ऑफिसात त्याचा काय अर्थ निघतो, याचा विचार केलात का? उद्या मोठ्या कामासाठी नावं सुचवायची वेळ आली, की 'हिच्या घरचे मध्ये पडतील का?' ही शंका आधी येणार. मुलगा असता तर त्याच्या साहेबांना असा फोन केला असतात? मला नाही वाटत. तिला हे आजच सांगा, आणि तुम्हीच सांगा. मॅडमकडून कळलं तर पीएचडीचा विषय बाजूलाच राहील.

मॅडमवरचा रागही समजला नाही. खात्यात नवे असताना तुम्हालाही एखाद्या साहेबांनी शिकवलं असेल, चार लोकांत तुमचं नाव घेतलं असेल. त्याला आपण 'साहेबांनी घडवलं' म्हणतो. इथे मात्र 'डोक्यात भरवलं'! गंमत म्हणजे तुमची मुलगी नेमकं हेच अभ्यासायचं म्हणते आहे. आयसीआयसीआयमधून ललिता गुप्ते, कल्पना मोरपारिया, शिखा शर्मा अशा स्त्रियांची एक फळीच वर आली. नारायणन वाघुल आणि के. व्ही. कामत या त्यांच्या वरच्या पिढीतल्या पुरुषांनी त्यांच्यावर जबाबदाऱ्या टाकल्या. मेंटॉर पुरुष असला की नात्यात काय बदलतं, लोक काय बोलतात, बाई किती अंतर राखते, आणि वर बाईच असली तर काय होतं? या प्रश्नांची उत्तरं हो-नाहीच्या चौकटीत टिक करून मिळत नाहीत.

आता 'मुलाखती म्हणजे गप्पा' हा गैरसमज. या विषयाचा पाया ज्या कामावर उभा आहे, ते कॅथी क्रॅम यांचं १९८३ चं संशोधन अमेरिकेतल्या एकाच कंपनीतल्या वरिष्ठ-कनिष्ठ अशा १८ जोड्यांच्या मुलाखतींवर झालं. फक्त १८. मेंटॉरिंगचं नातं जुळतं, बहरतं, मग तुटतं किंवा दुरावतं, आणि पुढे बरोबरीच्या मैत्रीसारखं नवं रूप घेतं, हे टप्पे तिथून आले. तुम्हाला आकडे हवेत? हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या लेखात आहेत : मेंटॉर मिळाल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया ८३ टक्के, पुरुष ७६ टक्के, तरी बढत्या पुरुषांनाच जास्त. आकडे इथे थांबले. पुढचं कळलं ते एका बहुराष्ट्रीय कंपनीतल्या ४० जणांच्या सखोल मुलाखतींतून : स्त्रियांना सल्ला भरपूर मिळत होता, पण बंद दाराआड 'हे पद हिला द्या' म्हणणारं कुणी पाठीशी नव्हतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर धरणाची पातळी मोजपट्टीवर दिसते, गळती कुठून होते ते बघायला आत गॅलरीच्या बोगद्यात उतरावं लागतं. आणि हे काम सोपं नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला पाच-सहा तास जातात, खरं विश्लेषण त्यानंतर.

लीना नायर यांचं म्हणाल, तर इंजिनिअरिंग करून त्या एचआरकडे वळल्या, तेव्हाही कुणीतरी 'डिग्री वाया घालवली' म्हटलंच असेल.

पण एका बाबतीत मी मुलीच्या बाजूची नाही. राजीनामा आत्ता देऊ नये. नेट ही परीक्षा द्यावी, त्यातल्या जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीसाठी स्त्रियांना वयात पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे घाई नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, मात्र कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. (त्या फोनचा परिणाम इथेही होऊ शकतो.) कंपनीत असली की मोठ्या पदांवरच्या स्त्रियांपर्यंत पोचणं सोपं जाईल, बाहेरच्या विद्यार्थिनीला त्यांच्या सेक्रेटरीपुढे जाणंही अवघड. मात्र स्वतःच्या मॅडमची किंवा स्वतःच्या कंपनीतल्या कुणाची मुलाखत तिने घेऊ नये. जिच्या हातात आपलं अप्रेझल आहे, तिला अडचणीचे प्रश्न कोण विचारणार? शिवाय या स्त्रिया इतक्या थोड्या आहेत की नाव बदलूनही 'चाकणच्या अमुक प्रकारच्या कारखान्याची प्लांट हेड' एवढ्यावरून माणूस ओळखू येतं. नावं लपवायची तर कारखाना, शहर, पद सगळंच धूसर करावं लागेल, आणि तसं करूनही प्रबंधात जीव राहायला हवा. यावर तिने काही ठरवलं आहे का, हे विचारा.

गाइड निवडताना तिने एकच चौकशी करावी : त्यांच्या हाताखाली मुलाखतींवर आधारलेले किती प्रबंध पूर्ण झाले? 'जोडीला दोनशे जणींची प्रश्नावली टाकून द्या, म्हणजे वजन येईल' असं म्हणणारे गाइड भेटले, तर दुसरे शोधावेत.