वाचकांचे प्रश्न: कुट्टूच्या गुठळ्या की झगांत्सी?

प्रश्न: भाऊ कामासाठी स्लोव्हेनियात आहे, तिथं त्याने आय्दोवी झगांत्सी (कुट्टूच्या पिठाचा तिथला पदार्थ) खाल्लं आणि आता मला घरी करायला सांगतोय. उपासाचं कुट्टूचं पीठ आणून शिऱ्यासारखं ढवळत बसले तर नुसती खळ झाली. चुकलं कुठे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, ढवळलंत तिथेच घोळ झाला! ही आपल्या उकडीची लांबची बहीण समजा. पीठ बरोबर आणलंत, आय्दा म्हणजे कुट्टूच. १ वाटी पिठाला दीड वाटी पाणी, मीठ घालून खळखळ उकळायचं, पीठ एकदम मधोमध ओतायचं आणि अजिबात हात लावायचा नाही, त्याचा एक गोळा होतो, तो १० मिनिटं शिजला की लाकडी चमच्याच्या दांड्याने मधे आरपार भोक पाडायचं म्हणजे पाणी आतपर्यंत जातं, मग मंद आचेवर अजून १५ मिनिटं. जास्तीचं पाणी काढून बाजूला ठेवा (फेकू नका हां, कोरडं वाटलं तर लागतं), आणि काट्याने मोकळं करा. गुठळ्या राहिल्या पाहिजेत, तेच तर झगांत्सी.

तिकडे वरून डुकराची चरबी आणि तिचे कुरकुरीत तुकडे घालतात, सोबत आंबवलेला कोबी नाहीतर दूध. तुम्ही साजूक तूप सोडा, ताकाबरोबर मला तर जास्तच आवडतं. फक्त पीठ ताजं बघून घ्या, जुनं कडवट लागतं.