फॅसिलिटीत अडकलात? आधी टीव्हीचा गेम मोड बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय अडतीस, शाळेत असताना गोल्डनआय हा जेम्स बाँडचा गोळीबाराचा गेम डबल-ओ एजंट या सर्वात अवघड पातळीवर संपवलेला, आणि आता निन्टेन्डोच्या स्विचवर त्याच गेमच्या फॅसिलिटी या टप्प्यात दहा-दहा वेळा मरताय. त्यावरून तुम्ही ठरवून टाकलंत की हात गेले आणि जुने गेम नव्याने काढताना सोपे करायला हवेत. खाली लोक दोन गट करून भांडायलाही लागलेत. मी नेमका याच जागी दीड वर्ष अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. आडोसा कसा घ्यायचा, डोक्यात गोळी कशी घालायची हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

माझ्याकडे हा गेम मूळ ज्यावर निघाला तो निन्टेन्डो ६४ (एन६४) कन्सोल आहे, आतेभावाने दुबईहून आणलेला. २०१४ च्या दिवाळीत साफसफाई करताना जुना डब्बा टीव्ही भंगारवाल्याला दिला आणि भिंतीवर मोठा एलसीडी लावला. पहिल्याच दिवशी बोटं जड झाल्यासारखी वाटली. सैनिक दारातून यायचा, मी ट्रिगर दाबायचो, आणि माझी गोळी सुटेपर्यंत त्याच्या दोन लागलेल्या असायच्या.

टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरकडे तक्रार केली. माणूस तीनदा आला. पहिल्यांदा केबल बदलली. दुसऱ्यांदा म्हणाला, मशीन जुनं आहे, असंच चालणार. तिसऱ्यांदा सेट-टॉप बॉक्सवर बातम्या लावून विचारलं, "चित्र येतंय ना साहेब?" अहो, चित्र येतच होतं, ते उशिरा येतंय हीच तर तक्रार होती! व्हिजिटचे पैसे घेतले आणि मला न विचारता तक्रार बंद करून टाकली. तीन फेऱ्यांत एकदाही कुणी सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड, म्हणजे चित्रावरची जास्तीची प्रक्रिया टाळून ते लवकर दाखवणारी सोय, चालू केला नाही. आजही आठवलं की संताप होतो.

पण सगळ्यात महागात पडली ती माझी चूक. मी त्यांचं खरं मानलं आणि दोष स्वतःच्या हातांना दिला. डबल-ओवरून एजंट या सर्वात सोप्या पातळीवर उतरलो, मग खेळणंच सोडलं. वर दिसेल त्याला सांगत सुटलो की त्या काळची काठिण्यपातळीच अन्यायाची होती. दीड वर्षाने भाच्याच्या फोनमधल्या स्लो मोशनने उलगडा झाला. कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत धरून सेकंदाला २४० चित्रांनी शूटिंग केलं, आणि बटण दाबल्यापासून बंदुकीचा जाळ दिसेपर्यंतची चित्रं मोजली. एक चित्र म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. गेम मोड चालू करून पुन्हा मोजलं तर आकडा निम्म्याच्या आसपास आला. त्याच रात्री फॅसिलिटी पार झाली.

कारण असं, की एन६४ चा सिग्नल २४०पी असतो, म्हणजे दर वेळी २४० ओळींचं पूर्ण चित्र. बरेच सपाट टीव्ही त्याला ४८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी-अर्धी चित्रं, समजतात, नसलेली अर्धी चित्रं जुळवत बसतात, मग ताणून मोठं करतात, वर गुळगुळीतपणाची प्रक्रिया. यात १०० मिलिसेकंद सहज जातात. तुमचा स्विच एचडीएमआयवर आहे, त्यामुळे पहिली भानगड नाही, पण शेवटची असू शकते. मी टीव्हीचा तंत्रज्ञ नाही, तुमच्या सेटवर वेगळंही निघेल. म्हणून आधी मोजा.

दुसरं, स्विचवर कंट्रोल तसेच ठेवले असतील तर बदला. गेममध्ये १.२ सॉलिटेअर नावाची कंट्रोलची मांडणी निवडा, आणि स्विचच्या सिस्टिम सेटिंगमध्ये डावी-उजवी स्टिक अदलाबदल करा. आजच्या शूटरसारखं चालता येईल.

आता सोपं करण्याबद्दल. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. १९९७ च्या या गेममध्ये अवघड म्हणजे नुसते चिवट शत्रू नव्हते. पहिल्याच टप्प्यात, धरणावर, एजंटला फक्त उडी मारायची. सीक्रेट एजंटला त्याआधी सगळे अलार्म फोडायचे. डबल-ओला वर मोडेम बसवून डेटाचा बॅकअपही मिळवायचा. तोच नकाशा, पण जास्त फिरावं लागतं, जास्त लक्षात ठेवावं लागतं. हे मोडून 'सोपं' करण्यात मला नुकसान दिसतं. हेलो या जुन्या शूटर गेमला २०११ च्या हेलो अ‍ॅनिव्हर्सरीने काठिण्याच्या आकड्यांना हात न लावता नवं रूप चढवलं, एका बटणावर जुनं चित्र ठेवलं. लेजेंडरी ही त्यातली सर्वात अवघड पातळी तेवढीच निर्दय राहिली. मला तेच योग्य वाटतं. (तिथे समोर काही नसताना गोळी अडली तर जुन्या चित्रावर जाऊन बघा. टक्कर जुन्या आकारांशीच होते, नवा खडक नुसता दिसायला असतो.)

पण ज्यांच्या हातांना खरोखर त्रास आहे त्यांना 'सराव करा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गोल्डनआयमध्ये शत्रूंची ताकद, नेम, मारा आणि प्रतिक्रियेचा वेग आपण ठरवायचा ००७ मोड आहेच. फक्त तो सगळे २० टप्पे डबल-ओवर संपवल्यावर उघडतो, म्हणजे ज्याला हवा त्यालाच मिळत नाही. नव्या आवृत्तीत तो पहिल्या दिवसापासून उघडा असायला हवा, एवढंच माझं मागणं.

जाता जाता: घरात अजून डब्बा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका. लहानपणच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमची बंदूकसुद्धा एलसीडीवर चालत नाही. आणि आज रात्री मोजलंत तर गेम मोडच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे इथे टाका.