तुटलेली नस परत वाढायला कोलेस्टेरॉल लागतं म्हणतात, मग माझी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून अंडी-तूप वाढवू का?

नका करू. माझं हे सगळं करून झालंय म्हणून लिहायला बसलो.

सांगलीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीच्या गर्दीत मोठी काच हातातून सटकली आणि उजव्या मनगटावर करंगळीच्या बाजूला बसली. जवळच्याच दवाखान्यात टाके घातले, रक्त थांबलंय, नसबिस काही तुटली नाही म्हणाले, मी पण खूश. आपल्याकडे रक्त वाहणारी ती पण नस, मुंग्या येतात ती पण नस आणि पाठ धरली तरी नसच चढलेली असते, त्यामुळे कुठली नस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अकरा दिवसांनी टाके काढले तर करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर, बोटं फाकवता येईनात, अंगठा आणि तर्जनीत कागद धरला तर पोरगं सहज ओढून घेतंय. तसाच मिरजेला गेलो. अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी, स्पर्श कळवणारी आणि बोटं हलवणारी नस, पूर्ण कापलेली. ऑपरेशन करून शिवली, तीन आठवडे हात बांधलेला.

आणि मग आमचे साडू आले. कोल्हापूरचे, पूर्वी औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे औषधांची माहिती घेऊन फिरणारे, होते, त्यामुळे घरातले अर्धे डॉक्टर तेच. "पावणं, नसंचं कव्हर कोलेस्टेरॉलचंच असतंय, आन् तुम्ही रोज गोळी खाऊन तेच कमी करताय व्हय? बंद करा आधी!" आमच्या हिला दाजींचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद, आठवड्यातून तीनदा बोकडाच्या पायांचं सूप म्हणजे पाया, सकाळी दोन अंडी, भातावर तुपाची धार. मला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेला आहे हे सांगायचं राहिलं.

वैताग असा की साडू अर्धे बरोबर होते. नसेच्या तंतूवर मायलिन नावाचं आवरण असतं, त्याचा कोरड्या वजनात ७०-७५ टक्के भाग चरबीयुक्त पदार्थांचा आणि त्यात कोलेस्टेरॉल भरपूर. पण ते येतं कुठून? माझी भाची बायोकेमिस्ट्री शिकते, तिने मला दुकानात बसून समजावलं. नस कापली की कापल्या जागेच्या पुढचा तंतू मरतो, वॉलर नावाच्या माणसाने १८५० मध्येच बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं होतं. मग तिथल्या पेशी जुनं मायलिन खाऊन साफ करतात, पण त्यातलं कोलेस्टेरॉल फेकून देत नाहीत, साठवतात आणि अपोई नावाच्या प्रोटीनबरोबर बांधून नवीन आवरण घालणाऱ्या श्वान (हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्रा नव्हे) पेशींना परत देतात. उंदरांच्या चिरडलेल्या नसेत हे अपोई शंभरपटीहून जास्त साठलेलं सापडलंय. मी फुटलेल्या मोठ्या काचेतून छोट्या फ्रेमच्या काचा कापतो, तसंच. हा जुना माल मिळत असतो तोवर नसेतलं नवीन कोलेस्टेरॉल बनवणं उलट मंदावतं, आणि पुढे लागलं तर श्वान पेशी स्वतः बनवतात. गंमत म्हणजे अपोई नसलेल्या उंदरांची नससुद्धा नीट वाढली, म्हणजे शरीराकडे दुसऱ्या वाटा आहेत. तुमच्या ताटातलं अंडं या हिशोबात कुठेच नाही. एका अंड्यात दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, ते रक्तात फिरेल, नसेला त्याची वाट बघायची गरज नाही.

आता माझा पुरावा. सर्जनने शिकवलं होतं की नसेच्या वाटेवर बोटाने टकटक करत जायचं, जिथे करंट लागल्यासारखं होतं तिथपर्यंत नस पोचली. टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये ही खूण लिहून ठेवली. मी दर रविवारी तिथे बॉलपेनने टिंब काढायचो आणि दुकानातल्या स्टीलच्या पट्टीने मोजून वहीत लिहायचो. आठवड्याला सहा-सात मिलिमीटर, म्हणजे पुस्तकात सांगतात तेच, दिवसाला साधारण एक. गोळी बंद होती त्या तीन महिन्यांत तेवढंच, आणि रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ चं १६८ झालेलं बघून हार्टच्या डॉक्टरांनी शिव्या घालून गोळी सुरू केली त्यानंतरही तेवढंच. होळीला करंगळीच्या टोकाला गरम पोळी कळली. ही वही मी साडूंसमोर ठेवली तर म्हणाले, "पायाचा असर मागनं बी राहतोय." आता काय बोलणार! एकाच हाताचं मोजमाप आहे हे मला मान्य आहे, पण त्यांच्याकडे पट्टीसुद्धा नव्हती.

मी फ्रेमवाला आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हेही लिहून ठेवतो. स्टॅटिनमुळे, म्हणजे याच कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे, नसांना त्रास झाल्याच्या तक्रारी थोड्या लोकांत नोंदल्यात, तसं वाटलं तर डॉक्टरला सांगा, मनाने बंद करू नका. शुगर आणि बी-१२ तपासून घ्या, मला वाटतं त्याने अंड्यापेक्षा जास्त फरक पडेल. मेंदू आणि मणक्याचं गणित वेगळं, म्हाताऱ्या उंदरांत तिथे साफ न झालेल्या कोलेस्टेरॉलचे खडे होऊन दुरुस्ती अडते असं २०१८ मध्ये दिसलं, म्हणजे तिथे जास्तीचंच नडतं. आणि फिजिओथेरपी चुकवू नका, नस पोचेपर्यंत बोटं आखडली तर ती येऊन करणार काय. माझी पकड अजून पूर्ण आलेली नाही, थंडीत करंगळी ठणकते, काच आता पोरगा कापतो.

तुमची नस मनगटाला कापली की कोपराला, ते लिहिलं नाहीये. कोपराला असेल तर माझ्या महिन्यांवर जाऊ नका, तुमची वही बरीच जाड होणार.